दार गच्च लावून झोप

ज्या घरात माणसाच्या आधी त्याच्या पिशवीचं वजन होतं, त्या घरात सून म्हणून नांदणं सोपं नसतं. खाली कारखाना, वर बिऱ्हाड, आणि जिन्यापाशी छताला टांगलेला एक काटा. त्या काट्याच्या आकड्याला पिशवी अडकवल्याशिवाय ना कोणी वर चढे, ना कोणी बाहेर पडे. पाहुणे आले तरी सासूबाई आधी त्यांच्या हातातली पिशवी काट्याला लावत, "बापरे, एवढं ओझं!" म्हणत, आणि मगच "या, बसा" म्हणत.

कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबलचक खोली, भिंतीकडेला शिलाईची यंत्रं, मधोमध कापायचं मोठं टेबल आणि कोपऱ्यात पातळ कापडाचे गुंडाळे. डोंगरात पायी हिंडणाऱ्यांसाठी इथे तंबू, पाठपिशव्या आणि पिसांच्या रजया शिवल्या जात. सगळं हलकं. तंबू इतका हलका की घडी केली तर पाण्याच्या बाटलीएवढी होई, आणि उचलला तर आपण काही उचललंय की नाही असं वाटे. सासूबाईंना साऱ्या धंद्यात 'ग्रॅमबाई' म्हणत. दात घासायच्या ब्रशचा दांडा त्यांनी अर्धा कापून टाकला होता. कपड्यांवरच्या चिठ्ठ्या उसवून फेकल्या होत्या. एका दाढीवाल्या गिऱ्हाइकाला तर त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "एवढं हलकं सामान घेताय, तर आधी ही दाढी उतरवा." तो बिचारा हसावं की रागवावं ते न कळून तंबू घेऊन गेला.

पण धंदा चालत होता तो या गमतीजमतींवर नाही. तो चालत होता एका गोष्टीवर. नवा तंबू तयार झाला की सासूबाई तो घेऊन डोंगरावर जात, एक रात्र काढून परत येत, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून बूट काढता काढता म्हणत, "पास." त्यानंतरच बाकीचे तंबू कापायला घेतले जात. गिऱ्हाईक एकमेकांना सांगत, "ग्रॅमबाई स्वतः झोपून बघतात, मग विकतात." या एका वाक्यावर लोक बर्फात जायचे.

या खेपेचा तंबू सुनेचा होता. म्हणजे आखणी तिची, कापणं तिचं, शिवण तिची. लग्न होऊन आली तेव्हापासून दुसऱ्यांनी आखलेलं शिवत आली होती, पहिल्यांदाच तिला टेबलाच्या डोक्याशी उभं राहायला मिळालं होतं. तिनं वरच्या टोकाजवळ तळहाताएवढी एक झडप ठेवली होती, हवा खेळायला. सासूबाईंनी ती पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे भोक कशाला? थंडीला आमंत्रण द्यायला?"

"हवा येईल जाईल, आई."

"हवा बाहेर भरपूर असते डोंगरात. आत माणूस ऊब शोधायला जातो. आणि वर या झडपेचं वजन! काढ ती."

सुनेनं मूग गिळले आणि झडप काढली. शिवण मात्र तिनं अशी घातली की नळाखाली धरली तरी थेंब आत येऊ नये. सासूबाईंनी नळाखाली धरून पाहिलीच. थेंब आला नाही. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही न बोलणं म्हणजे शाबासकी असते हे सून एव्हाना शिकली होती.

या खेपेला मात्र तपासणीआधीच दोन तंबू शिवले होते, एक तपासायला ठेवला आणि दुसरा सुनेच्या धाकट्या भावानं नेला. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की बुटाची नाडीही त्याला बांधता येत नव्हती. ती नाडी, शाळेचे डबे, तापातल्या रात्री, सगळं ताईनंच केलं होतं. आता तो दाढीमिशीचा बाप्या झाला होता आणि बर्फाची खिंड एकट्यानं ओलांडायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. ताईनं आखलेला पहिला तंबू आपणच वापरणार म्हणून तो हटून बसला. ठरलं ते असं, की तो डोंगराच्या पायथ्याच्या शेवटच्या वस्तीत जाऊन थांबेल. इकडे सासूबाई तंबू तपासतील. पास झाला तर ताई फोन करील आणि तो चढायला लागेल. नापास झाला तर निमूट परत फिरेल. वस्तीच्या वर फोन लागत नाही, म्हणून जे काय सांगायचं ते त्याआधी.

तो निघाला तेव्हा सासूबाई त्याला दारापर्यंत सोडायला गेल्या. त्याच्या पिशवीचं वजन करून झालं होतं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोरा, तंबूचं दार गच्च लावून झोप हो. रात्रीची थंडी बाधते."

"हो मावशी, गच्च लावतो," तो हसत म्हणाला आणि गेला.

आणि नेमका त्याच आठवड्यात डोंगरच्या डोंगर पालथे घालणारा नवरा न्हाणीघरात साबणावरून घसरला. पाय प्लास्टरमध्ये गेला. दरवेळी आईबरोबर डोंगरावर जायचा तो.

"मी एकटी जाऊन येते," सासूबाई म्हणाल्या.

"या वयात? मुळीच नाही," लेक पलंगावरून ओरडला.

"मी येते ना," सून म्हणाली. "माझाच तर तंबू आहे."

सासूबाईंचा चेहरा एकदम उतरला. सुनेला वाटलं, आपल्याबरोबर जायचं यांच्या जिवावर आलंय, दुसरं काय! निघायच्या दिवशी नवऱ्यानं तिला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, "वर गेल्यावर आईला फार प्रश्न विचारू नकोस. ती सांगेल तसं कर." त्याही बोलण्याचा अर्थ तिनं सासू-सुनेच्या खात्यात जमा केला आणि पिशवी काट्याला लावायला निघून गेली.

चढण मात्र मजेत झाली, हे कबूल करायला हवं. सासूबाई साठी ओलांडलेल्या, पण पाठीवर पिशवी आहे की नुसती सावली अशा चालीनं पुढे. सून मागे धापा टाकत.

"काय भरलंयस एवढं?"

"काट्यावर तुम्हीच लावली होती की पिशवी."

"मग पोटात भरलं असशील. सकाळचा चहा दोनदा घेतलास ते बघितलं मी."

असं लेकी बोले सुने लागे चालू होतं, फक्त इथं लेक नव्हती, सगळं थेट सुनेलाच लागत होतं. तरी तिला बरं वाटत होतं. वाटेत एक खिंड लागली, तिथं फोनला शेवटची रेंज होती. तिनं भावाला फोन केला. तो वस्तीत पोचला होता, मजेत होता. "उद्या सकाळी फोन करते," ती म्हणाली. "लवकर कर गं ताई," तो म्हणाला, "नाहीतर मी पास धरून चालायला लागेन."

ऊन कलायच्या सुमाराला त्या वरच्या पठारावर पोचल्या. एका बाजूला मोठमोठे खडक, त्यांच्या मागे झरा, आणि मधे सपाट जागा. सासूबाईंनी तंबू उभा केला. त्यांचे हात बघण्यासारखे होते. काठी लावली, दोऱ्या ताणल्या, खुंट्या ठोकल्या, आणि बघता बघता सुनेचं कापड डोंगरावर घर होऊन उभं राहिलं. तिचा ऊर भरून आला. त्या आनंदातच ती बाटल्या घेऊन झऱ्यावर गेली.

परत आली तेव्हा सासूबाई तंबूपाशी नव्हत्या. खडकांच्या फटीजवळ त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि दगड बाजूला करून आतून काहीतरी ओढत होत्या. एक निळं प्लास्टिकचं पिंप बाहेर आलं. त्यांनी झाकण फिरवून काढलं आणि आत हात घालून एक जाडजूड खाकी गठ्ठा उपसला. जुन्या काळचा ताडपत्रीसारखा तंबू. लाकडी काठ्या, लोखंडी खुंट्या, आणि मागोमाग एक घोंगडं. दोघींच्या पिशव्या मिळून जेवढ्या भरल्या नसत्या तेवढं ओझं.

सुनेच्या हातातली बाटली खाली पडली.

"आई, हे काय?"

सासूबाई दचकल्या. "आलीस? मला वाटलं वेळ लागेल तुला."

"हे काय आहे?"

"तंबू."

"तंबू आहे ते दिसतंय मला. कशासाठी?"

"झोपायला." त्या खाली बघत घडी उलगडत राहिल्या. "दोघींना पुरेल. मोठा आहे."

सुनेनं मागे वळून आपल्या तंबूकडे पाहिलं. तो उन्हात नुसता चमकत होता. "आणि तो?"

"तो राहील उभा. रात्रभर टिकला, सकाळी आत हात फिरवला आणि हात कोरडा निघाला, की पास. नेहमी असंच करते मी."

नेहमी! सुनेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं, म्हणून तिनं पुन्हा विचारलं, आणि विचारताना स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"आजवर एकाही तंबूत तुम्ही झोपला नाहीत?"

"नाही."

"अहो, लोक म्हणतात ग्रॅमबाई स्वतः झोपून बघतात!"

"लोक म्हणतात खरं." सासूबाईंनी खुंटी मातीत टेकवली. "मी त्यांना कधी 'नाही' म्हटलं नाही."

"आणि यांना माहीत आहे?"

"हे पिंप त्यानंच पाठीवरून वर आणलंय."

घ्या! म्हणजे फार प्रश्न विचारू नकोस, त्याचा अर्थ हा होता. सून मटकन खडकावर बसली. ज्या काट्यासमोर तिनं रोज मान खाली घातली, ज्या दोन ग्रॅमसाठी तिची झडप उडवली गेली, तो सगळा काटा खाली घराच्या जिन्यात आणि वर डोंगरात हे ओझं! खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे हत्तीबद्दल ऐकलं होतं, आपल्या घरात बघायला मिळेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"का पण, आई?"

सासूबाईंनी हातातली खुंटी खाली ठेवली. मग एकदम म्हणाल्या, "तुझे सासरे आपल्याच तंबूत गेले."

सुनेला एवढंच माहीत होतं, की सासरे तिच्या लग्नाच्या खूप आधी डोंगरात थंडीनं गेले. कापायच्या टेबलावर त्यांचा फोटो होता आणि त्याविषयी घरात कोणी बोलत नसे. आपल्याच तंबूत, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"पहिला हलका तंबू होता तो आपला," सासूबाई म्हणाल्या. "मी कापला, त्यांनी शिवला. हौसेनं घेऊन गेले. पाऊस नव्हता गं. वारा नव्हता. सोबतचे लोक सांगत होते, झाडाचं पानसुद्धा हललं नाही रात्रभर. सकाळी उठवायला गेले तर..." त्या थांबल्या. "रजई पिळून काढावी इतकी ओली. अंगावरचे कपडे ओले. कोरड्या रात्री पाणी आलं कुठून? तेव्हापासून मी एकेक शिवण नळाखाली धरते. एकेक तंबू इथं रात्रभर उभा करते आणि सकाळी आत हात फिरवते. कधी थेंब सापडला नाही. गळत नाहीत गं आपले तंबू. पण त्यात आडवं व्हायचं म्हटलं की माझे हातपाय गळतात. नाही होत मला."

सुनेला त्यांची दया आली, आणि त्याच क्षणी असा संताप आला की दया त्याखाली दबून गेली. "तुम्हाला नाही होत. आणि लोकांना विकायचं होतं? माझ्या भावाला दिला तुम्ही! दारापर्यंत जाऊन दिला!"

"घर चालवायचं होतं मला. पदरात पोर होतं. आणि सांगते ना, गळत नाहीत ते. मी बघते ना दरवेळी."

"रिकामा बघता!"

सून उठली, आपली पिशवी उचलली आणि हलक्या तंबूपाशी जाऊन उभी राहिली. "मी झोपते यात. माझा भाऊ झोपणार आहे, तर निदान मी तरी झोपून बघते. सकाळी पास की नापास ते मी सांगेन."

"नको गं. ऐक माझं. तुला काही झालं तर मी लेकाला काय तोंड दाखवू?"

"नको कसं? आई, उद्या माझा भाऊ वर जाईल!"

सासूबाईंनी खूप विनवलं. शेवटी हरल्या. अंधार पडायच्या आत सून तंबूत शिरली. वारा कुठेच नव्हता, आकाश कसं धुतल्यासारखं होतं, आणि थंडी जमिनीतून वर येत होती. खाकी तंबूतून सासूबाईंचा आवाज आला, रागाचा मागमूस नसलेला, घरात शाल पांघरायला सांगावी तसा. "चेन पार वरपर्यंत ओढून घे हो. दार गच्च लाव. थंडी बाधेल."

सुनेनं चेन खसकन वरपर्यंत ओढली. रजईत शिरली. आत छान ऊब होती, आणि रागात असूनसुद्धा तिला क्षणभर स्वतःच्या तंबूचा अभिमान वाटला. मग तिला झोप लागली.

जाग आली ती गालावर पडलेल्या थेंबानं. बाहेर नुकतं उजाडत होतं. दुसरा थेंब कपाळावर पडला, तिसरा ओठावर. तिनं हात वर केला, तर कापड खाली झुकून तिच्या अंगाला टेकलं होतं आणि हात लावताच पाण्याची धार कोपरापर्यंत ओघळली. रजईतली पिसं भिजून गोळा झाली होती. पायांची बोटं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. तिनं हाक मारायला तोंड उघडलं तर दातांवर दात आपटायला लागले, शब्दच फुटेना. चेन शोधायला तिला किती वेळ लागला, ते तिचं तिलाच माहीत.

सासूबाई जाग्याच होत्या. त्यांनी तिला बाहेर रांगताना पाहिलं आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला, की तो सून जन्मात विसरणार नाही. त्यांनी तिला ओढत खाकी तंबूत नेलं, ओले कपडे काढले, घोंगड्यात गुंडाळलं आणि तिचे पाय आपल्या पोटाशी धरून चोळायला लागल्या. चहा उकळला, फुंकर घालून घोट घोट पाजला. सगळं करताना एकच चालू होतं. "पाऊस नव्हता. पाऊस नव्हता गं. मी रात्रभर जागी होते, थेंबसुद्धा पडला नाही."

सुनेच्या अंगात जरा धुगधुगी आली. "माझी शिवण गळली नाही, आई," ती म्हणाली. इतक्या थंडीतही तिला हे आधी सांगावंसं वाटलं.

"मग पाणी आलं कुठून?"

"तेच बघायचंय. चला."

घोंगडं लपेटूनच ती बाहेर आली. तंबूवर बाहेरून गोठलेल्या दहिवराचा पांढरा पातळ थर होता, पीठ झटकावं तसा बोटानं झटकून गेला आणि बोट कोरडं राहिलं. आतून मात्र कापड निथळत होतं. शिवणीपाशी नाही, सगळीकडे सारखं. सून ते बघत राहिली. मग तिनं घोंगड्याच्या टोकानं आतला एक तुकडा पुसून कोरडा केला, तोंड जवळ नेलं आणि "हा" करून श्वास सोडला. कापडावर धुकं आलं. ती पुन्हा पुन्हा श्वास सोडत राहिली. धुक्याचे बारीक थेंब झाले, थेंबाला थेंब मिळाला, आणि एक ओघळ खाली निघाला.

तिनं त्या ओघळाला बोट लावलं.

"हे माझंच पाणी आहे, आई," ती हळू म्हणाली. "मी रात्रभर श्वास घेतला ना, त्याचं. बाहेर जायला वाट नव्हती, दार बंद, झडप नाही. म्हणून कापडाला लागून पाणी झालं आणि माझ्यावरच पडलं. रिकाम्या तंबूत कोण श्वास घेणार? तुमचा हात दरवेळी कोरडाच निघणार होता."

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती काही दुसऱ्याच भाषेत बोलतेय. मग त्या खाली बसल्या आणि रांगत आत शिरल्या. ज्या दाराला त्यांनी इतकी वर्षं पाठ दाखवली त्या दारातून आत गेल्या आणि ओल्या कापडाखाली आडव्या झाल्या. आतून चेन वर सरकली. सून बाहेर उभी राहून बघत होती. कापडातून त्यांची आकृती दिसत होती, छातीवर हात ठेवलेली, आणि श्वास ऐकू येत होता, मोठा, मुद्दाम घेतलेला. बराच वेळ दुसरं काही ऐकू आलं नाही.

चेन उघडली तेव्हा त्यांचे केस कपाळाला चिकटले होते. चेहऱ्यावरचं पाणी कुठलं, तंबूचं की डोळ्यांचं, ते विचारायची सुनेची हिंमत झाली नाही.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या म्हणाल्या. "नळाखाली धरत बसले मी." त्या दारातच बसून राहिल्या, चेनची कडी हातात धरून. "त्यांना बंद जागेत झोपायची सवय नव्हती गं. घरीसुद्धा कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी लागायची, भांडायचे माझ्याशी. त्या दिवशी निघताना मी त्यांना बजावलं, तिथं तरी माझं ऐका, दार गच्च लावून झोपा, थंडी बाधेल." त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि त्यामुळेच सुनेला ऐकवेना. "सोबतच्या लोकांनी सांगितलं मला. चेन पार वरपर्यंत ओढलेली होती म्हणे. सगळ्या आयुष्यात माझं ऐकलं नाही त्यांनी. तेवढं एक ऐकलं."

कालपासून धक्क्यावर धक्के बसत होते, पण त्या सगळ्यांत आपण निदान कुणावर तरी रागावू शकत होतो, असं सुनेला वाटलं. आता रागवायलाही कोणी उरलं नव्हतं. ती फक्त त्यांच्याजवळ बसली आणि त्यांच्या मुठीतून चेनची कडी सोडवायला लागली.

आणि तेव्हाच दोघींनी एकदम एकमेकींकडे पाहिलं.

"तुझ्या भावालाही मी..." सासूबाई म्हणाल्या आणि उठल्याच.

जिनं आयुष्यभर प्रत्येक वस्तू वजन करून पिशवीत भरली, तिनं त्या सकाळी दोन्ही तंबू, पिशव्या, भांडी, सगळं पठारावर जसंच्या तसं टाकलं आणि उतारावर धाव घेतली. सून घोंगडं सावरत, फोन तेवढा मुठीत धरून मागे. काल जिथं थट्टा करत चढल्या, तिथं आज दगडांवरून घसरत, झुडपांना धरत उतरत होत्या. सुनेच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, नाहीतर मी पास धरून चालायला लागेन.

खिंडीत रेंज आली. तिच्या बोटांना फोनचं बटण दाबता येईना, सासूबाईंनी दाबून दिलं. घंटी वाजत राहिली. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला, आणि आता बंद होणार इतक्यात तिकडून धापा टाकणारा आवाज आला.

"ताई! अगं किती वाट बघायची? मी निघालो पण. आता रेंज जाईलच. पास ना?"

सुनेच्या तोंडून हुंदक्याशिवाय काही निघेना. सासूबाईंनी फोन घेतला.

"अरे, मी बोलतेय."

"मावशी! काळजी करू नका. तुमचं सांगणं लक्षात आहे, दार गच्च लावून..."

"नाही!" सासूबाई किंचाळल्या. खिंडीतले पक्षी उडाले. "ऐक, ऐक माझं. ते चुकीचं सांगितलं मी. आज वर जाऊच नकोस. आणि कधी गेलासच तर दार उघडं ठेव. थंडी वाजू दे, कुडकुडत बस, पण उघडं ठेव. वर टोकाला भोक पाड, कात्री नसेल तर दातानं फाड. ऐकलंस?"

"नवाकोरा तंबू फाडू? मावशी, काय झालंय?"

"काय सांगितलं ते परत म्हण आधी!"

"वर जायचं नाही. दार उघडं ठेवायचं." त्याचा आवाज तुटत होता, पण शब्द कळत होते. "बरं, बरं. फिरतो मागे. ताईला सांगा, फिरतो..."

आवाज गेला. सून खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. भाऊ परत फिरला होता. तिनं ऐकलं होतं, तिच्या कानांनी ऐकलं होतं.

सासूबाई मात्र उभ्याच होत्या. फोन कानाला तसाच घट्ट धरलेला, पाठ वळवून, पलीकडच्या डोंगराकडे बघत. फोन कधीच बंद झाला होता, तरी त्यांचं बोलणं थांबलं नव्हतं, फक्त आवाज खाली आला होता.

"दार उघडं ठेवा हो," त्या म्हणत होत्या. "मी भांडणार नाही. उघडं ठेवून झोपा."

सुनेनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला नाही.